सरांच्या पोटातलं अंतर

आमच्या कॉलेजच्या मागं बिबट्या दिसला अशी एकदा बोंब उठली. वॉचमन धापा टाकत स्टाफरूममध्ये आला. आम्ही सगळे उभे राहिलो. सर बसूनच होते. चहाचा कप खाली न ठेवता त्यांनी विचारलं, "किती लांबून बघितलास?" उसाच्या पार त्या टोकाला होता, असं वॉचमननं सांगितलं. शेजारी काय होतं? काही नव्हतं, नुसता बांध. मग मांजर होतं का बिबट्या हे तुला कळलं कसं, असं सरांनी विचारल्यावर वॉचमन विचारात पडला, आणि संध्याकाळपर्यंत मांजरही असेल म्हणायला लागला. बिबट्या होता की नव्हता हे आजतागायत कळलेलं नाही. पण त्या आठवड्यात मागच्या रस्त्यानं आमच्यातलं कुणी गेलं नाही, सरसुद्धा.

सर फिजिक्स शिकवायचे, मी इलेक्ट्रॉनिक्स. दोन प्रयोगशाळांच्या मध्ये प्लायवूडचं एक पार्टिशन होतं आणि त्याच्यावरून सरांचे संशय दिवसभर माझ्याकडे येत. माणूस पणदऱ्याचा. घरचा ऊस, गोठ्यात दोन जर्सी गाई, गळ्यात तुळशीची माळ. सगळा जामानिमा साध्या माणसाचा, पण नजर पोलीसपाटलाची. वीज गेली असं मुलांनी सांगितलं तर ते खिडकीतून समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाकडे बघून खात्री करून घेत. डेअरीत दूध घालायला गेले की आधी मशिनात नळाचं पाणी घालायला लावत. पाण्यात फॅट किती निघतंय ते बघू, मग माझं दूध घाला. वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या तर म्हणत, "तुमाला कुणी सांगितलं?"

मी नवी होते तेव्हा या माणसाचा मला भयंकर राग यायचा. पुढं सवय झाली आणि त्याच्याही पुढं थोडी लागण झाली. माळेगावहून निघालो म्हणून नवरा फोनवर सांगायला लागला की मी मागचे आवाज ऐकायला लागले.

त्यांच्या पुतणीच्या सोयरिकीची गोष्ट अख्ख्या पणदऱ्याला माहीत आहे. इंदापूरकडचं स्थळ होतं. मुलाचा फोटो आला. मोकळ्या रानात एकटा उभा, मागं आभाळ. घरात सगळ्यांना पसंत पडला. सरांनी फोटो जवळ धरून बघितला, लांब धरून बघितला आणि मध्यस्थाला निरोप दिला की फोटो परत काढा, आणि शेजारी एखादी म्हैस उभी करा. एकट्या माणसाच्या फोटोत उंची कळत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. पण पाव्हण्यांनी म्हैस मनाला लावून घेतली आणि जुळत आलेलं मोडायची वेळ आली. शेवटी मुलगाच समक्ष येऊन दारात उभा राहिला. चांगला उंचापुरा निघाला, लग्नही झालं. पाव्हणे मात्र अजून सरांशी मोजकंच बोलतात.

एका डोळ्यानं बघितलेल्या गोष्टीचं माप सांगता येत नाही, हे सरांचं आयुष्यभराचं म्हणणं. दरवर्षी ते नव्या पोरांना गच्चीवर न्यायचे, एक डोळा मिटायला लावायचे आणि अंगठा पुढं धरून माळेगावच्या कारखान्याचं धुराडं झाकायला सांगायचे. झाकायचंच. मग अंगठा मोठा का धुराडं मोठं? पोरं हसायची. सर हसत नसत. अंतर माहीत नसेल तर मोठं-लहान बोलूच नये, असं दम दिल्यासारखं सांगून ते जिना उतरायचे.

हे सगळं त्यांच्या स्वतःच्या पोटात शिरेल असं मात्र कुणाला वाटलं नव्हतं.

निवृत्तीला थोडं उरलं असताना त्यांचं जेवण तुटलं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. बारामतीत चांगले दवाखाने आहेत, पण तिथली फरशी त्यांना फार चकचकीत वाटायची. ते गेले इंदापूरला, आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याकडं. तो आता पोटाचा डॉक्टर झाला होता आणि तोंडातून दुर्बीण घालून तपासायचा. एवढ्या लांब का जाता, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "त्याला काय येत न्हाय ते मला ठाऊक हाय. बाकीच्यांचं ठाऊक न्हाय."

डॉक्टरला जठराच्या आतल्या बाजूला, अस्तराखाली, एक गाठ दिसली. दीडेक सेंटीमीटर असेल म्हणाला. अशी गाठ लहान असेल तर नुसती नजर ठेवायची, वाढायला लागली तर काढायची, असा त्याचा नियम. वर्षभरानं परत बघितलं तर तो म्हणाला, सर, दोनच्या पुढं गेलीय. पुण्याला जा, तिथं सोनोग्राफीची दुर्बीण असते, बघून काढून टाकतील.

सरांनी त्याला विचारलं, "पयल्या टायमाला किती लांबून बघितली हुतीस?"

ते कोण लक्षात ठेवतो? तो म्हणाला, अनुभवानं अंदाज येतो, सर. सरांपुढं अंदाज हा शब्द काढणं म्हणजे संपलंच. दुर्बीण म्हणजे एक डोळा. जवळ नेली की गाठ मोठी, मागं घेतली की लहान. पहिल्या वेळी लांब असशील, आता जवळ गेला असशील. वाढली कशावरून? डॉक्टर बिचारा पुन्हा अकरावीत जाऊन बसला. आणि पुण्याला जायचं तर सरांनी साफ नाकारलं. पुण्याला गेलं की ते कापणारच, तिथं वाढली का नाही हे कुणी बघत नाही, असं त्यांचं ठाम मत.

त्यानंतर सर मला पार्टिशनवरून म्हणाले की आपल्याला एक अंतर मोजायचंय.

कल्पना सोपी होती. केसाएवढ्या काचेच्या तारा घ्यायच्या, इंटरनेटच्या केबलीत असतात तसल्या. एका तारेतून उजेड आत सोडायचा. तो पोटाच्या अस्तरावर आपटून मागं येईल तो शेजारच्या तारांनी गोळा करायचा. अस्तर जवळ असेल तर जास्त उजेड परत येणार, लांब असेल तर कमी. किती उजेड म्हणजे किती अंतर याचा तक्ता एकदा बाहेर बसवून घेतला की झालं. दुर्बिणीत चिमटा जायला जी बारीक नळी असते तिच्यातून ही तारांची जुडी आत जाईल. अंतर कळलं की पडद्यावरच्या गाठीचं खरं माप निघेल. भिगवण रस्त्याला केबल टाकणाऱ्या पोरांकडून सरांनी उरलेले तुकडे मागून आणले आणि आमचं काम सुरू झालं. पोटात जाणारी जुडी मात्र नवीन कोरी आणि त्याच्याकडं निर्जंतुक केलेलीच हवी, अशी अट डॉक्टरनं घातली. ती सरांनी लगेच मान्य केली, त्याचाच मला संशय आला.

खरं तर संशय मला पहिल्या दिवसापासून होता. हा माणूस मोजत नाहीये, टाळतोय. ऑपरेशनला घाबरलाय आणि भीतीला फिजिक्सचा सदरा घातलाय. तोंडावर बोलायची माझी छाती झाली नाही. पण एक दिवस काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, कॉलेजात आल्या आणि त्यांचाही संशय बाहेर पडला. तो निराळाच होता.

झालं असं की तक्ता बसवायला पोटासारखं काहीतरी हवं होतं. जेली लावून बघितली, ओला रबर लावून बघितला, सरांना काहीच पटेना. शेवटी मी म्हटलं, सर, बोकडाची वजडी, म्हणजे पोटच, आणते. आमच्या घरी खातात, नेहमीच्या खाटकाकडं मिळेल. माळकरी माणसानं गळ्यातली माळ सदऱ्याच्या आत सारली आणि म्हटलं, प्रयोगाला हरकत नाही. मी आणली तर ती पांढरीशुभ्र. असली कशी, त्यांनी विचारलं. चुना आणि गरम पाणी लावून खरवडतात, मी सांगितलं. झालं.

"मग हा पोटाचा रंग न्हाय, मॅडम, चुन्याचा हाय. खाटकानं हात लावलेली नको. कच्ची आना."

मी कच्ची आणली. साध्या पाण्यानं धुतली. काळपट, हिरवट, खरखरीत. वासानं शेजारच्या वर्गातली मुलं उठून गेली. सर मात्र खूश. नाकाला उपरणं बांधून ते तारेचं टोक एकेक मिलिमीटर मागं घेत होते आणि मी आकडे वाचत होते. त्या दिवसांत त्यांच्या कपड्यांना तो वास बसला. काकूंचं माहेर कोऱ्हाळ्याचं, तिथं मटण व्हायचं; इथं मात्र माळकऱ्याच्या घरात नांदलेल्या. त्यांनी वास ओळखला आणि नवरा म्हातारपणी बाहेर मटण खायला लागला असं समजून थेट प्रयोगशाळेत आल्या. समोर ट्रेमध्ये वजडी, तिच्यावर लाल उजेडाचा ठिपका, आणि ट्रेवर वाकलेला नवरा.

मग त्यांनी मला बाहेर बोलावलं. मला वाटलं आता भांडण होणार. त्या म्हणाल्या, "मॅडम, मटान खाल्लं असतं तरी मी काय बोलले नसते. कायतरी खात्यात असं तरी झालं असतं. ह्यांची पँट कमरंला ऱ्हात न्हाय. तुमी ह्यांना पुन्याला न्या."

मी प्रयत्न करते म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

इंदापूरला मीच गाडी घेऊन गेले. भूल घ्यायला सरांनी नकार दिला. झोपवून काय करतील आणि काय सांगतील याचा नेम नाही. घशाला औषधाचा फवारा मारून घेतला आणि डाव्या कुशीवर पडले, ते नेमके पडद्याकडं तोंड करून. काकू बाहेर बाकावर. मी माझं यंत्र मांडून डॉक्टरच्या शेजारी उभी. दुर्बीण आत गेली, पाठोपाठ आमची जुडी गेली. पडद्यावर गाठ आली, गुळगुळीत आणि गोल. डॉक्टर म्हणाला, घ्या मॅडम. मी आकडा वाचला, तक्त्यात बघितलं, अंतर सांगितलं. डॉक्टरनं हिशेब केला आणि थांबला. परत केला. गाठ चौदा मिलिमीटर. म्हणजे होती तेवढीच. वाढलेलीच नाही.

माझ्या मनात काय झालं ते सांगते. मला आनंद झाला आणि लाजही वाटली. मी त्यांना भित्रा समजत होते आणि माणूस बरोबर निघाला होता.

तेवढ्यात सरांचा हात हलायला लागला. तोंडात नळी, डोळ्यांतून पाणी, आणि बोट पडद्याकडं. नर्सला वाटलं जीव घाबरला. ती पाठीवरून हात फिरवायला लागली, तर त्यांनी तिचा हात झटकला आणि पुन्हा पडद्याकडं बोट केलं. डॉक्टरनं सगळं पटापट बाहेर काढलं. सर उठून बसले. डॉक्टर हसत म्हणाला, "सर, तुमचंच खरं. माझा अंदाज चुकला. आता वर्षभर काळजी नको."

घसा बधिर असल्यामुळं सरांचा आवाज भलताच निघाला. "खोटं हाय," ते म्हणाले. आम्हाला वाटलं भलतंच बरळताहेत. "पोट गुलाबी हाय. आपली वजडी काळी हुती."

मला क्षणभरानं कळलं. काळं अस्तर उजेड गिळतं, गुलाबी परत पाठवतं. आमचा तक्ता काळ्यावर बसवलेला. आतल्या गुलाबी अस्तरानं जास्त उजेड परत पाठवला, तर तक्ता बोलला जवळ आहे. जवळ आहे म्हटल्यावर गाठ लहान निघाली. चुना नको, खाटकाचा हात नको म्हणून सरांनी हट्टानं कच्ची आणवली होती. चूक त्यांच्या संशयानंच केली होती.

त्या खोलीत ही गोष्ट आणखी कुणाच्याही ध्यानात आली नसती. डॉक्टरच्या नाही, माझ्या तर नाहीच. सर गप्प बसले असते तर त्यांना हवं ते सगळं मिळालं होतं. मी गाडीत त्यांना तसं म्हणालेसुद्धा, रागानंच म्हणाले. काकू मागं बसून आम्हा दोघांकडं बघत होत्या. निमगाव केतकी आल्यावर सर काचेतून बाहेर बघत म्हणाले, "मला पायजे तेच उत्तर आलं, मॅडम. तवाच वळखायला पायजे हुतं."

घरी जाऊन त्यांनी पुस्तकं काढली. शेळीच्या पोटाला चार कप्पे असतात. आम्ही घेतला पहिला, जो नुसता चारा साठवायचा. माणसाच्या जठरासारखा असतो तो शेवटचा, आणि तो गुलाबी असतो. मी खाटकाला सांगून सकाळीच ताजा शेवटचा कप्पा आणला. त्याला कुणी चुनाही लावला नव्हता आणि तो काळाही नव्हता. नवा तक्ता बसला. इंदापूरला आलेल्या उजेडाचा आकडा आमच्याकडं होताच, तो नव्या तक्त्यात बघितला. गाठ चोवीस मिलिमीटर.

मी म्हटलं, हेही चूक असू शकतं. बोकड वेगळा, माणूस वेगळा. आणखी एकदा करून बघू. मला खरंच ते उत्तर नको होतं. सरांनी यंत्राचा खटका बंद केला, ट्रेवर फडकं टाकलं.

"आता तुमाला संशय यायला लागला व्हय? येऊ द्या. पन आपली वाढलीय."

सरांच्या तोंडून मी प्रथमच, कुणी न विचारता, होकार ऐकत होते. त्यांनी खिशातून फोन काढला, इंदापूरला लावला आणि पुण्याच्या डॉक्टरांचं नाव विचारून घेतलं. बोलताना त्यांचा हात फडक्यावरून फिरत होता.

पुण्यातल्या सोनोग्राफीच्या दुर्बिणीनंही गाठ वाढल्याचंच सांगितलं. काढायचं ठरलं. ऑपरेशनच्या दिवशी मी गेले तेव्हा काकू दारातच भेटल्या. चेहरा उतरलेला. मी विचारलं, काय झालं? त्यांनी मला हाताला धरून जिन्याकडं नेलं.

"ह्यांनी काय इचारलंच न्हाय, मॅडम. मोठा डाक्टर आला, सगळं सांगून गेला. ह्ये नुस्ते मान हालवत हुते. कागद म्होरं केला, सही केली. वाचला बी न्हाय. भाजीवाल्याला सोडत न्हाय हा मानूस. मला लई भ्या वाटतंय."

मी आत गेले. सर हिरव्या गाउनात पडले होते, आधीपेक्षा लहान दिसत होते. मी मुद्दाम म्हटलं, सर, भूल देणारे डॉक्टर फारच तरुण वाटतात. नेहमीचे सर असते तर त्यांनी त्याला बोलावून दोन प्रश्न टाकले असते. ते म्हणाले, असू दे. एवढंच. मला रडायला आलं आणि मी खिडकीकडं तोंड केलं. थोड्या वेळानं त्यांना घेऊन गेले.

आम्ही दोघी बाहेर बसलो. काकूंनी माझा हात सोडला नाही. दोनदा चहा आला आणि तसाच गार झाला. नवऱ्याच्या संशयानं आपल्याला कसं हैराण केलं ते त्या सांगत होत्या. माहेरी जाताना एसटीचा बोर्ड ते तीनतीनदा वाचायला लावायचे, भाकरीचं पीठ चाळणीत धरून उजेडाकडं बघायचे. लग्न झाल्यावर चार वर्षं तर, त्या म्हणाल्या, मी खरंच कोऱ्हाळ्याची हाय का न्हाय ह्याचीच त्यांना शंका असावी असं वाटायचं. सांगता सांगता त्या हसल्या आणि मग लगेच दाराकडं बघू लागल्या.

शेवटी दार उघडलं आणि सर्जन बाहेर आले. मागं नर्स, तिच्या हातात स्टीलचा लहानसा ट्रे, त्यात गाठ. सगळं नीट झालं, अखंड निघाली, पेशंट अजून भुलीत आहेत, असं त्यांनी सांगितलं. मी भिंतीला टेकले. नातेवाइकांना दाखवायची पद्धत असते म्हणून नर्सनं ट्रे पुढं केला. साधारण अडीच सेंटीमीटर असेल, सर्जन म्हणाले, आणि जायला वळले.

काकू उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्यांच्या वाटेत उभ्या राहिल्या.

"साधारन न्हाय चालायचं," त्या म्हणाल्या. "पट्टी लावा."

सर्जनांना समजेना. आता सगळी पॅथॉलॉजीला जाणार आहे, तिथं मोजतात, रिपोर्टमध्ये येईल, असं ते समजुतीनं सांगायला लागले.

"रिपोट येईल तवा येईल. आत्ता माज्या म्होरं लावा. ह्ये उठले की पयलं तेच इचारतील, आन मला सांगता आलं पायजे."

सर्जनांनी नर्सला पट्टी आणायला सांगितलं, आणि ती येईपर्यंत काकू ट्रेवरची नजर न काढता तिथंच उभ्या राहिल्या.